अर्ध्या कोयत्याचा रिमोट

माझ्या दुकानाच्या पाटीवर 'इलेक्ट्रॉनिक्स' लिहिलंय, पण अख्खं दिंद्रुड त्याला रिमोटवाल्याचं दुकान म्हणतं. सुरुवातीला मी वाद घालायचो. म्हणायचो, बाबा रे, टीव्हीचा असतो तो रिमोट. हे जे दोन हातांत धरून व्हिडिओ गेम खेळतात, ज्याला दोन शिंगं, दोन दांड्या आणि डझनभर बटणं असतात, त्याला कंट्रोलर म्हणतात. समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "बरं, मंग त्यो रिमोट केवढ्याला?" दहा-बारा वर्षं घसा कोरडा केल्यावर मीच हरलो. आता मीही रिमोटच म्हणतो आणि या लेखातही तेच म्हणणार आहे. संपादकांना चालत नसेल तर त्यांनी एक दिवस माझ्या काउंटरवर येऊन बसावं.

मी मूळचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. डब्याएवढे टीव्ही गेले, पाटीएवढे आले, ते बिघडले की लोक दुरुस्तीला आणण्याऐवजी नवीन घ्यायला लागले आणि माझ्या हाताला काम उरलं नाही. त्याच सुमाराला चाकणला, पुण्याला कंपनीत लागलेली आमच्या भागातली पोरं सणाला गावी येताना व्हिडिओ गेमची खोकी आणायला लागली. नवी, जुनी, मित्राकडून अर्ध्या किमतीत घेतलेली. खोकं दहा वर्षं टिकतं, रिमोट दोन वर्षांत मान टाकतो. त्या टाकलेल्या मानांवर माझं घर चाललं, दोन्ही मुलींची लग्नं झाली. दिंद्रुडसारख्या गावात व्हिडिओ गेमचे रिमोट विकून माणूस जगतो, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आता बिनवायरचा रिमोट निवडायचा कसा, हे जरा सांगतो. लोक रंग बघतात. रंगाला काय करायचंय? आधी घरातलं खोकं कोणतं ते बघायचं, कारण एका जातीचा रिमोट दुसऱ्या जातीच्या खोक्याला चालत नाही. मी खोक्याचा फोटो मागतो. एकजण टीव्हीचा फोटो घेऊन आला, दुसरा बायकोसकट टीव्हीचा. तिसऱ्यानं सरळ डिशचा डबाच पिशवीत घालून आणला आणि "ह्याच्यावर गेम का लागंना" म्हणून माझ्याशीच भांडला.

दुसरं म्हणजे उशीर. बटण इकडं दाबलं आणि टीव्हीतला गडी तिकडं उडी मारतो, त्यात जो वेळ जातो तो. वायर असली की हा वेळ जाणवत नाही. बिनवायरच्या हलक्या मालात जाणवतो. बांधावरून हाक मारली आणि पलीकडच्या शेतातल्या माणसानं थोड्या वेळानं 'ओ' दिली, तसं होतं. तोवर गाडी खड्ड्यात. तिसरं, सेल. आमच्याकडं वीज येते-जाते, म्हणून मी घड्याळाचे सेल लागणारा रिमोट पुढं करतो. ते सेल किराणा दुकानातही मिळतात. चौथं, दांडी. धूळ आणि भज्याच्या तेलाचं बोट यांनी दांडी आपोआप एका बाजूला सरकायला लागते, मग टीव्हीतला माणूस कुणी न चालवता भिंतीकडं चालत सुटतो. चुंबकवाली दांडी असली तर हे होत नाही. चार पैसे जास्त जातात, पण जाऊ द्यावेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात. मी रिमोट काढायच्या आधी म्हणतो, "खेळणाराचा हात दाखवा." लांब बोटं, आखूड बोटं, घाम येणारा तळवा, कामानं जाड झालेला अंगठा, प्रत्येकाला वेगळा रिमोट लागतो. एकदा बाजारच्या दिवशी एक म्हातारी नातवाचा रिमोट न्यायला आली. मी सवयीनं म्हणालो, हात दाखवा. तिनं उजवा तळवा काचेवर ठेवला आणि म्हणाली, "बघा बरं, ह्याला नोकरी कवा लागंल?" मी लाख सांगितलं की मी ज्योतिषी नाही. तिला वाटलं मी दक्षिणेसाठी अडून बसलोय. पुढच्या बाजाराला तिनं आणखी दोघीजणी पाठवल्या.

बिनवायरच्या रिमोटची खोक्याशी आधी ओळख पटवून द्यावी लागते. दोन्हीकडची बटणं दाबून धरायची, दिवा लुकलुकतो, मग थांबतो, आणि जमलं. याला मी सोयरीक म्हणतो. एकदा जमलेली सोयरीक मुद्दाम मोडल्याशिवाय मोडत नाही, आणि त्यावरून मी एक भांडण बघितलंय. एका गावात, नाव सांगत नाही, कारण दोघंही माझी गिऱ्हाइकं आहेत, दोन भावांची वाटणी झाली. थोरल्याच्या वाट्याला गेमचं खोकं आलं. धाकट्यानं निव्वळ खुन्नस म्हणून रिमोट ठेवून घेतला. घर तेच, मधे भिंत. धाकट्यानं दुसरं खोकं आणलं आणि जुना रिमोट तसाच चालू करून बघितला. रिमोटनं आपली सोयरीक पाळली. भिंतीपलीकडं थोरल्याचं खोकं आपोआप उठलं, टीव्ही लागला, आणि थोरल्याची बायको नैवेद्याचं ताट तिथंच टाकून अंगणात पळाली. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी थोरल्यानं भगत बोलावला. भगत शहाणा माणूस. त्यानं सगळं बघून सांगितलं, "हे माझं काम न्हाई, दिंद्रुडच्या मिस्त्रीला बोलवा." मी गेलो, रिमोटची सोयरीक धाकट्याच्या खोक्याशी लावून दिली आणि चहा दोन्ही घरांत घेतला. एका घरात घेतला असता तर दुसरं घर तुटलं असतं.

आता माझी फजिती सांगतो. ती मी आजवर फक्त बायकोला सांगितली होती, म्हणजे तशी ती सगळ्या गावाला ठाऊक आहे.

बाजारचाच दिवस होता. पन्नाशीचा एक माणूस दुकानासमोर बराच वेळ उभा होता. अंगावर सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी. गर्दी कमी झाली तसा तो आत आला. नाव लिंबाजी, धारूरच्या बाजूला डोंगराच्या कडेला त्याची वस्ती.

"मिस्त्री, बिनवायरचा रिमोट पायजे."

मी खोकं विचारलं. त्यानं फोनमधला फोटो दाखवला. मुलगा चाकणला कंपनीत होता, त्यानं आणून ठेवलेलं खोकं. चांगलं होतं.

"खेळणार कोण?" मी विचारलं.

तो घुटमळला. इकडंतिकडं बघून खालच्या आवाजात म्हणाला, "आता काय सांगावं मिस्त्री. आमचा अर्धाच कोयता ऱ्हायलाय."

बाहेरच्या वाचकांना इथं थांबवतो. आमच्या जिल्ह्यातली माणसं ऊसतोडीला जातात ती नवरा-बायकोच्या जोडीनं. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहते. या दोघांना मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम दहा कोयते म्हणाला की वीस माणसं समजायची. एकटाच गडी असला, जोडीला बाई नसली, तर तो अर्धा कोयता. बीडमधल्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागत नाही. म्हणूनच मी फसलो. पुण्याचा दुकानदार असता तर त्यानं 'म्हणजे काय' असं विचारलं असतं आणि प्रश्न तिथंच मिटला असता. मला वाटलं, बिचाऱ्याची बायको गेली.

"कवा झालं?" मी आवाज खाली आणला.

"पोळ्याच्या आधी आठ दिस."

"कशानं?"

"कुट्टी मशीन. म्हशीला कडबा बारीक करताना."

"दवाखान्यात नेलं न्हाई?"

"बीडला नेलतं की. पर गेलं ते गेलं. डॉक्टर म्हणले, आता काय जुळत न्हाई."

"देवापुढं कुणाचं चालतंय," मी म्हणालो.

"खरंय. पर घर लई गप झालंय, मिस्त्री. आधी गाडीचा गेम लागला की निस्त्या शिव्या आन् हसणं. शेजारची माणसं इचारायची, भांडण हाय का. आता घरात भांड्याचा आवाज तेवढा."

"मन रमवायला पाहिजे. कुणीतरी खेळलं पाहिजे."

"त्याच्यासाठीच आलोय न्हवं?"

आता विचार करतो तेव्हा स्वतःचीच कीव येते. तो 'गेलं' म्हणत होता, 'गेली' म्हणत नव्हता. मराठी माणसाला तेवढं कळायला हवं होतं. पण मी इतका हळहळलो होतो की हात दाखवा म्हणायचंही विसरलो. काचेतला सगळ्यात मोठा, वजनदार रिमोट काढला. गाडी धडकली की तो हातात जोरात थरथरतो. एकट्या माणसाला तेवढीच सोबत, असा माझा हिशेब. भावही उतरवून दिला. लिंबाजी दोनदा म्हणाला, "आवो, कावून एवढं कमी?" मी म्हणालो, "राहू द्या. माणसानं माणसाच्या उपयोगी पडावं." तो नवल करत निघून गेला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. मंगल म्हणाली, "मग जाऊन या भेटून. गिऱ्हाईक असलं म्हणून काय झालं?" आमच्याकडं दुःखाच्या घरी भेटायला जावं लागतं. नाही गेलं तर लोक लक्षात ठेवतात. दोन दिवसांनी मी पांढरे कपडे घालून, गाडीला किक मारून डोंगराकडं निघालो.

वस्तीवर दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, दारात दोन म्हशी. मी ओसरीवर बसलो आणि मान खाली घातली. अशा बैठकीला मान जितकी खाली तितकं बरं असतं. आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. उजवा हात पदराखाली, डाव्या हातानं तांब्या पुढं केला. मी समजलो, भावजय असेल, नाहीतर शेजारीण.

"लिंबाजीराव हाईत का?"

"शेताकडं गेल्यात, येतील इतक्यात. तुमी कोण म्हणायचं?"

"दिंद्रुडचा मिस्त्री. माझ्याकडून रिमोट नेलता त्यांनी."

"आसं व्हय. बसा."

मी रीतीप्रमाणं सुरुवात केली. "ऐकलं आन् लई वाईट वाटलं. मशीनीत असं व्हायला नको होतं."

"व्हायचं ते झालं," बाई म्हणाली.

"मी काय वहिनींना कधी बघितलं न्हवतं. पर लिंबाजीराव लई तळमळीनं बोलत होते."

बाई माझ्याकडं बघायला लागली. "कोणत्या वहिनी?"

"त्यांची मंडळी. गेल्या त्या."

"कुठं गेल्या?"

आता हे तोंडानं कसं सांगणार? मी बोट वर केलं. बाईनं वर पत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या पांढऱ्या कपड्यांकडं.

"मीच की त्यांची मंडळी," ती म्हणाली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं, मला त्या ओसरीवर कळलं. मी उठू की बसू करत होतो. बाईनं आधी तोंडाला पदर लावला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. ओसरीच्या खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन लिंबाजी आला. बायको हसतेय आणि मी घामानं भिजलोय, हे बघून तो भारा न टाकताच उभा राहिला.

"काय झालं?"

"मला मारलं की तुमी," ती म्हणाली. "हे मिस्त्री माझ्या मातीला आल्यात. त्यांना म्हणावं, आता तेराव्याचं जेवूनच जावा."

लिंबाजी हसला नाही. तो तिच्याकडंच बघत राहिला. नंतर मला गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "दोन महिन्यांनी हसली, मिस्त्री. तुमची चूक झाली ते लई चांगलं झालं." माणसाला एवढं बोलून दुसऱ्याची लाज झाकता येते, हे मी त्याच्याकडून शिकलो.

खरी गोष्ट अशी होती. मुलगा कमवायला लागल्यावर दोघांनी ऊसतोड बंद केली. रिकामा वेळ आला, घरात खोकं आलं, आणि कौसाबाईला, हे त्या बाईचं नाव, गाडीच्या गेमनं झपाटलं. लिंबाजी सांगत होता, सुट्टीवर आलेल्या मुलालाही ती हरवायची. मग कुट्टी मशीनीत उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि अंगठा असून नसल्यासारखा झाला. वाकेनाच. दूध काढायला नवरा, भाकरीला पुतणी. जिथं हात घालावा तिथं लोक म्हणायचे, तू बस. ती बसली ती बसलीच. लग्नकार्याला जाणं सोडलं, हात पदराखाली गेला, गेमच्या खोक्यावर तिनं जुनं लुगडं टाकून ठेवलं. कुणी विचारलं तर म्हणायची, मी आता अर्धा कोयता. तिचाच शब्द लिंबाजीनं माझ्या दुकानात आणला होता.

माझा तो वजनदार रिमोट कपाटावर होता. तिनं एकदा हातात घेतला होता. गाडी भिंतीला धडकली, रिमोट थरथरला आणि तिच्या उजव्या हातातून निसटून खाली पडला. त्यानंतर तिनं लुगडं परत टाकलं. हे ऐकून मला जे वाटलं ते आजही वाटतं. सगळ्या तालुक्याला हात दाखवा म्हणणारा मी, आणि जिचा हात बघायला हवा होता तिला न बघता मारून मोकळा झालो होतो.

"वहिनी, हात दाखवा," निघायच्या आधी मी ओसरीवरच म्हणालो.

ती तयार होईना. मी म्हणालो, "मी आत्ताच तुमच्या मातीला आलो होतो. माझ्यापुढं कसली लाज?" तेव्हा पदर बाजूला झाला.

पुढच्या आठवड्यात पिशवीभर रिमोट घेऊन मी पुन्हा डोंगरावर गेलो. छोटा देऊन बघितला, हलका देऊन बघितला, थरथर बंद करून बघितली. गाडीच्या गेममध्ये डाव्या दांडीनं वळण घ्यायचं आणि उजव्या बोटाखालचा घोडा दाबून रेस द्यायची. बंदुकीला असतो तसा घोडा, म्हणून मी घोडा म्हणतो. वळणं ती झकास घेत होती. डावा हात पहिल्यासारखाच चलाख होता. रेस मात्र जमेना. मी रेस डाव्या हाताच्या बटणावर आणून दिली, तर वळण आणि रेस एकाच हातावर आली आणि गाडी प्रत्येक वळणावर दम खायला लागली. सातव्यांदा शेवटचा नंबर आल्यावर तिनं रिमोट खाली ठेवला.

"राहू द्या मिस्त्री. तुमी लई केलं."

गाडीवर परत येताना मी स्वतःवर इतका चिडलो होतो की दिंद्रुडला येऊन पहिल्या गिऱ्हाइकाला विनाकारण झापलं. मग दुकानातलं खोकं लावून त्याच्या सगळ्या सोयी एकेक करून उघडत बसलो. इतकी वर्षं या खोक्यांचे रिमोट विकतोय, पण खोक्यांच्या पोटात काय काय आहे ते मी कधी पुरतं बघितलं नव्हतं. तिथं कोपऱ्यात एक सोय सापडली. दोन रिमोट लावायचे आणि खोक्याला सांगायचं, हे दोन्ही मिळून एकच खेळाडू. कुणीही कुठलंही बटण दाबा, गाडी एकच. अडचण असलेल्या माणसाला दुसऱ्यानं हात द्यावा म्हणून केलेली सोय. मी कधी वापरली नव्हती, कारण मला कुणी मागितली नव्हती.

तिसऱ्यांदा वस्तीवर गेलो. लिंबाजीला दुसरा रिमोट दिला आणि समजावून सांगायला लागलो. तो ऐकत होता, मधेच थांबवून म्हणाला, "म्हंजी दोघं मिळून येक?"

"हां."

"येवढंच व्हय? कोयताच की मंग."

मी पुढचं समजावणं बंद केलं.

कौसाबाईकडं वळण, लिंबाजीकडं रेस. पहिल्या डावात गाडी सुरू होताच गेममधल्या रस्त्याकडेच्या दुकानात घुसली. दुसऱ्या डावात लिंबाजीनं वळणावर रेस सोडलीच नाही. ती म्हणाली, "सोडा म्हणलं की सोडायची." तो म्हणाला, "सोडली की." ती म्हणाली, "मी म्हणल्यावर सोडली. मी म्हणायच्या आधी सोडायची." तिसऱ्या डावाला मात्र दोघं गप्प झाले आणि मी बघत राहिलो. ती खांदा जरासा झुकवायची आणि त्याचा घोडा सैल व्हायचा. वळण संपता संपता ती मान सरळ करायची की रेस लागलेली असायची. वीस-बावीस वर्षं एकानं तोडलं आणि दुसरीनं बांधलं, ते सगळं तिथं वापरात आलं. पाचवा नंबर आला. कौसाबाईनं चौथ्या गाडीवाल्याला जी शिवी दिली ती दिवाळी अंकात छापता येणार नाही. लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

मला वाटलं, माझं काम संपलं. पाच-सहा महिने गेले. मग एका बाजाराला लिंबाजी पुन्हा दुकानात आला, यावेळी गर्दी हटायची वाट न बघता.

"आजून येक रिमोट द्या."

"मोडला का?"

"न्हाई. दोन्ही तिच्याकडं हाईत."

मला कळेना. त्यानं सांगितलं ते असं. दोघांचे नंबर वर यायला लागले, तसं कौसाबाईचं नवऱ्यावर खेकसणं वाढलं. तुमी रेसला उशीर करताव. तुमचं ध्यान म्हशीकडं असतंय. एक दिवस लिंबाजी बाजाराला गेलेला असताना तिनं डोक्यावर मोळ्या वाहताना वापरायची ती कापडाची चुंबळ काढली, जमिनीवर ठेवली, तिच्यात दुसरा रिमोट उलटा रोवला आणि वर आलेला घोडा पायाच्या अंगठ्यानं दाबून बघितला. हातात वळण, पायात रेस. खरी गाडी तरी दुसरी कशी चालवतात? तो परत आला तेव्हा तिचा पहिला नंबर आला होता.

"मला म्हणती, आता तुमी नगं," लिंबाजी म्हणाला. तक्रार करतोय की मिरवतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "म्हणलं, मंग म्या काय करू? तर म्हणती, रिमोट आणा आन् माझ्याइरुद्ध बसा. इतकी वर्सं संगं काम केलं, मिस्त्री, इरुद्ध कधी बसलो न्हाई. हारणारच हाय मी. पर तुमी जरा चांगला द्या."

मी चुंबकवाल्या दांडीचा, उशीर न करणारा, दुकानातला सगळ्यात चांगला रिमोट काढून दिला. सोयरीक घरी गेल्यावर लावावी लागणार होती, म्हणून म्हणालो, घरी पोचलात की फोन करा, मी सांगतो तसं करा.

दुपारी फोन आला. कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते मी सांगितलं. दिवा लुकलुकला, थांबला, जमलं. लिंबाजी म्हणाला, "झालं मिस्त्री, ठिवतो." पण त्यानं फोन बंद केला नाही, तसाच खाली ठेवला असावा. गाड्या सुटल्याचा आवाज आला. मग कौसाबाई ओरडली, "आवो डावीकडं. डावीकडं म्हंजी कुठं, जेवताव त्या हाताकडं न्हाई." लिंबाजी काहीतरी पुटपुटला. मग धडकल्याचा आवाज, मग तिची एक अस्सल शिवी, आणि मग दोघं एकदमच हसायला लागले.

माझ्यासमोर एक गिऱ्हाईक केव्हाचं उभं होतं. फोन माझ्या कानाला तसाच होता आणि आवाज त्यालाही ऐकू जात होता.

"मिस्त्री, भांडण हाय का कुठं?" त्यानं विचारलं.

"हां," मी म्हणालो. "थांबा जरा, ऐकू द्या."